लुई लामूर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकन 'वेस्टर्न' कादंबरीकार लुई लामूर याच्या पुस्तकांवर मी बरीच वर्षं बोलत-लिहीत आलो आहे, त्यामुळे प्रश्नही येत राहतात. कुणाच्या हाती वडिलांच्या कपाटातलं पिवळं पडलेलं पुस्तक लागलेलं असतं, कुणी रात्री उशिरा एखादा जुना सिनेमा पाहिलेला असतो. अमेरिकेत राहणाऱ्या कुणाला तिथल्या गावच्या वाचनालयात अख्खी फळी याच एका नावाने भरलेली दिसते. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी सोपे, मग अडचणीचे.

१. 'वेस्टर्न' लेखक म्हणजे पाश्चात्त्य लेखक ना?

नाही. सगळ्यात जास्त गोंधळ याच शब्दाचा होतो. 'वेस्टर्न' हा कथाप्रकार आहे आणि त्यातला 'वेस्ट' म्हणजे मिसिसिपी नदीच्या पलीकडची अमेरिका. काळ साधारण १८६५ मध्ये अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यापासून १८९० पर्यंतचा. १८९० च्या जनगणनेनंतर तिथल्या सरकारने सांगून टाकलं की वस्ती आणि मोकळा मुलूख यांच्यातली सीमारेषा आता उरलेली नाही. गुरांचे कळप हाकणारे, खाणीत नशीब काढायला आलेले, बैलगाड्यांच्या तांड्यातून बायकामुलांसह निघालेले, आणि ज्यांचा तो मुलूख मुळात होता ते मूलनिवासी, ही या कथांमधली माणसं. 'शोले' पाहिला असेल तर या प्रकाराचा भारतात आलेला अवतार तुम्ही पाहिला आहे.

२. नावाचा उच्चार काय? हे टोपणनाव आहे का?

लुई लामूर. जन्मनाव लुई डिअरबॉर्न लामूर. घरचे आडनावाची स्पेलिंग इंग्रजी वळणाची करत, त्याने लेखक म्हणून फ्रेंच वळणाची घेतली. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ 'प्रेम' होतो, म्हणून ते मुद्दाम घेतलेलं नाव वाटतं, पण आडनाव घरचंच आहे. टोपणनावं त्याने वेगळी वापरली, ती प्रश्न ६ आणि १३ मध्ये.

३. आयुष्याचा थोडक्यात आढावा द्याल का?

जन्म २२ मार्च १९०८, नॉर्थ डकोटामधल्या जेम्सटाउन गावी. सात भावंडांत धाकटा. वडील गुराढोरांचे डॉक्टर. १९२०च्या दशकात शेतमालाचे भाव कोसळले आणि गावोगावच्या बँका बुडाल्या. १९२३ मध्ये कुटुंबाने गाव सोडलं आणि पंधराव्या वर्षी लुईची शाळा सुटली ती कायमची. पुढची अनेक वर्षं मिळेल ते काम. १९३०च्या दशकात आईवडिलांसोबत ओक्लाहोमात चॉक्टॉ इथे मुक्काम आणि लेखनाची नेटाने सुरुवात. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात अधिकारी, युरोपात पेट्रोल वाहणाऱ्या ट्रकांच्या तुकडीवर. युद्धानंतर लॉस एंजेलिस. १९५६ मध्ये कॅथरीन अ‍ॅडम्सशी लग्न, मुलगा बो आणि मुलगी अँजेलिक. १० जून १९८८ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू.

४. शाळा पंधराव्या वर्षी सुटली, मग एवढं ज्ञान आलं कुठून?

मला सगळ्यात आवडणारा प्रश्न हा. माझ्या लेखी लामूर आधी वाचक आहे आणि मग लेखक. हे कळल्याशिवाय त्याच्या कादंबऱ्या पुरत्या कळत नाहीत.

मालगाडीच्या डब्यातून फुकट प्रवास करणारा, दिवसाच्या मजुरीवर जगणारा पोरगा. त्या काळी कॅन्ससमधल्या जिरार्ड गावातून 'लिटल ब्लू बुक्स' नावाची पुस्तिका-माला निघायची. शर्टाच्या खिशात मावेल एवढा आकार, पातळ कागद, किंमत पाच सेंट. शेक्सपिअरपासून तत्त्वज्ञानापर्यंत काहीही त्यात असे. लुई ती खिशात घेऊन फिरायचा आणि गाडीची वाट पाहत बसल्या बसल्या वाचायचा. जहाजावर गेला तर तिथे खलाशांची पुस्तकं, गावात गेला तर तिथलं सार्वजनिक वाचनालय. काय काय वाचलं याच्या याद्या तो वर्षवार ठेवायचा.

त्या याद्या 'एज्युकेशन ऑफ अ वाँडरिंग मॅन' या आठवणींच्या पुस्तकाला जोडलेल्या आहेत. पुस्तक १९८९ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर आलं. मी ते हाती घेतो तेव्हा आधी शेवटची पानं उघडतो. नाटकं, इतिहास, प्रवासवर्णनं, रशियन कादंबऱ्या, सगळं एकाखाली एक, कुठलाही गाजावाजा नाही. मजुरीवरून परतलेला माणूस रात्री काय वाचत होता हे त्या रांगांमधून दिसतं. पुढे पैसा आला तेव्हा लॉस एंजेलिसच्या घरात त्याने सुमारे १०,००० पुस्तकांचं ग्रंथालय केलं. भिंती पुरेनात म्हणून पुस्तकांच्या मांडण्यांना बिजागऱ्या लावून घेतल्या. दार उघडावं तशी मांडणी उघडायची आणि मागे पुस्तकांची आणखी एक भिंत.

५. तो स्वतः काउबॉय होता का?

ज्या काळाबद्दल तो लिहितो तो काळ त्याच्या जन्माआधीच संपला होता (प्रश्न १). पण त्या काळात जगलेली म्हातारी माणसं अजून हयात होती आणि त्यांच्या शेजारी बसून त्याने काम केलं, हा फरक मोठा आहे.

पश्चिम टेक्ससमध्ये त्याला मेलेल्या गुरांची कातडी सोलायचं काम मिळालं होतं. ऊन, वास आणि बोटाला सुटलेले फोड. सोबतीला एक म्हातारा होता, ज्याला लहानपणी अपाची या मूलनिवासी लोकांनी पळवून नेऊन वाढवलं होतं. वाळवंटात पाणी कसं शोधायचं, माग कसा काढायचा, हे या माणसाकडून ऐकलेलं पुढे त्याच्या पानांवर आलं. याशिवाय न्यू मेक्सिकोत गवताच्या गंज्या बांधल्या, अ‍ॅरिझोना आणि नेव्हाडात खाणकाम केलं, वायव्येकडच्या जंगलात लाकूडतोड केली. व्यापारी जहाजावर खलाशी म्हणून चीन, जपान, बोर्निओ, इजिप्तपर्यंत गेला. पैशासाठी मुष्टियुद्ध खेळला. त्याच्या स्वतःच्या हिशेबाने ५९ लढती, त्यांतल्या ५१ जिंकलेल्या. त्याच्या कथांतली मारामारी वाचताना पाय कुठे रोवलाय आणि ठोसा कुठून येतोय हे समजतं, ते यामुळे.

६. सुरुवातीपासून वेस्टर्नच लिहायचा का?

अजिबात नाही. त्याचं पहिलं पुस्तक कवितासंग्रह आहे: 'स्मोक फ्रॉम धिस ऑल्टर', १९३९, ओक्लाहोमातून प्रसिद्ध झालेला. कथाही समुद्रावरच्या, मुष्टियुद्धाच्या, गुन्हेगारीच्या. त्या आधी साभार परतीचे ढीग. युद्धानंतर संपादक लिओ मार्ग्युलीस याने सुचवलं की पश्चिमेच्या गोष्टी लिही, त्यांना मागणी आहे. तेव्हा 'पल्प' नावाची स्वस्त, खरबरीत कागदाची मासिकं जोरात चालायची. त्यांत त्याने 'जिम मेयो' या नावाने भराभर कथा लिहिल्या. पुढे दूरचित्रवाणी आली, ही मासिकं बंद पडत गेली आणि लेखक खिशात मावणाऱ्या कादंबऱ्यांकडे वळले. लामूरचा उदय बरोबर या वळणावरचा आहे.

७. 'होंडो' ही आधी कादंबरी की आधी सिनेमा?

आधी कथा, मग सिनेमा आणि कादंबरी एकदमच. १९५२ च्या जुलैमध्ये 'कॉलियर्स' साप्ताहिकात 'द गिफ्ट ऑफ कोचीस' ही कथा आली. सिनेनट जॉन वेन आणि त्याचा भागीदार निर्माता यांनी ती ४,००० डॉलरला घेतली. जेम्स एडवर्ड ग्रँटने पटकथा लिहिली, पटकथेवरून लामूरने कादंबरी लिहिली आणि १९५३ मध्ये दोन्ही लोकांसमोर आलं. मुखपृष्ठावर जॉन वेनची शिफारस होती. लामूरचं नाव घरोघरी गेलं ते तिथून.

दोन्ही रूपं वाचून पाहाच. कथेत नायकाचं नाव चेस लेन. अँजी लोचा नवरा त्याच्याच मदतीला धावून जाऊन मरतो आणि हे ऋण फेडायला तो त्या विधवेचा शोध घेत निघतो. सिनेमात आणि कादंबरीत नायकाचं नाव होंडो, नवरा वाईट चालीचा आहे आणि नायकाच्याच हातून मरतो. मला कथा अधिक आवडते. उपकाराच्या ओझ्याने वाळवंट तुडवणारा माणूस मला जास्त खरा वाटतो. सिनेमातला एक प्रसंग मात्र विसरता येत नाही. अँजीच्या मुलाला होंडोच्या कुत्र्याला हात लावायचा असतो. तो मुलाला एकदा बजावतो आणि मग मोकळं सोडतो. कुत्रा फटकन तोंड टाकतो. ठेच लागल्याशिवाय शहाणपण येत नाही, हे त्या मुलुखात आईबापच नव्हे तर कुत्राही शिकवतो.

ऑस्करबद्दलही विचारतात. सर्वोत्कृष्ट कथेसाठी 'होंडो'चं नामांकन जाहीर झालं होतं, पण कथा आधी छापलेली असल्याने ते त्या गटात बसत नव्हतं आणि मागे घेतलं गेलं. अँजीचं काम करणाऱ्या जेराल्डिन पेजचं अभिनयाचं नामांकन कायम राहिलं.

८. एकूण किती पुस्तकं? खप किती?

मृत्यूच्या वेळी १०५ पुस्तकं: ८९ कादंबऱ्या, १४ कथासंग्रह, दोन ललितेतर. खप तेव्हाच २० कोटी प्रतींच्या घरात होता. बॅन्टम प्रकाशनाशी त्याचा वर्षाला ठरावीक कादंबऱ्या देण्याचा करार होता आणि तो त्याने दशकानुदशकं पाळला. नंतर आलेल्या पुस्तकांसाठी प्रश्न १६ पाहा.

९. सॅकेट मालिका कुठल्या क्रमाने वाचू?

सॅकेट या एकाच घराण्याच्या पिढ्यांवरच्या एकूण १७ कादंबऱ्या. दोन वाटा आहेत. प्रकाशनाच्या क्रमाने गेलात तर 'द डेब्रेकर्स' (१९६०) पहिली, टेनेसीच्या डोंगरातून पश्चिमेला निघालेले टायरेल आणि ऑरिन हे भाऊ. कथेतल्या काळाच्या क्रमाने गेलात तर 'सॅकेट्स लँड' (१९७४) पहिली. ती सुरू होते इंग्लंडमध्ये, सोळावं शतक संपता संपता, जेव्हा दलदलीत राहणाऱ्या बार्नाबस सॅकेटला चिखलात जुनी सोन्याची नाणी सापडतात आणि त्यांच्यापायी देश सोडायची वेळ येते.

माझं मत: 'द डेब्रेकर्स'ने सुरुवात करा. घराणं आवडलं की मग मूळपुरुषाकडे जा. मालिकेत तपशील काही ठिकाणी एकमेकांशी जुळत नाहीत. तो भराभर लिहायचा, पुनर्लेखन जवळजवळ करतच नसे. शिवाय मधल्या पिढ्यांवर आणखी पुस्तकं लिहायची होती, ती राहून गेली, त्यामुळे वंशावळीत मोठी भगदाडं आहेत. चँट्री आणि टॅलन ही दुसरी दोन घराणीही वेगळ्या कादंबऱ्यांतून येतात आणि अधूनमधून सॅकेटांच्या वाटेत भेटतात.

१०. आणि फक्त एकच पुस्तक वाचायचं असेल तर?

'कॉनॅगर' (१९६९). पिस्तुलं आहेत, पण त्यासाठी नाही. ईव्ही टील ही बाई दोन मुलांसह माळावरच्या एकट्या घरात राहते. नवरा गुरं घ्यायला गेलेला, परत येत नाही. तिकडे वाळलेली झुडपं मुळापासून सुटून वाऱ्यावर मैलोन्‌मैल लोळत जातात. ईव्ही कागदाच्या चिठोऱ्यांवर दोन ओळी लिहिते आणि त्या झुडपांना बांधून सोडून देते. कुणासाठी ते तिलाही माहीत नसतं. कुंपणाला अडकलेलं एखादं झुडूप कॉन कॉनॅगर या अबोल, मध्यमवयीन गुराख्याच्या हाती लागतं. पुढचं पुस्तकातच वाचा.

११. त्याच्या पुस्तकांतली ठिकाणं खरी आहेत का?

बहुतेक. तो म्हणायचा की मी एखाद्या झऱ्याबद्दल लिहिलं तर तो झरा तिथे असतो आणि त्याचं पाणी पिण्यालायक असतं. जमीन हा त्याच्या लेखनाचा पाया आहे. 'फ्लिंट'मध्ये (१९६०) मरण जवळ आलं असं समजून न्यू मेक्सिकोत येऊन राहिलेला धनाढ्य माणूस लाव्हाच्या काळ्या खडकाळ पट्ट्यात आसरा घेतो. असा पट्टा तिथे खरोखर पसरलेला आहे, बुटाचे तळ फाडणारा.

प्रवासाला जाणाऱ्यांसाठी: कोलोरॅडोतल्या ड्युरँगोचं स्ट्रेटर हॉटेल. तो कुटुंबासह उन्हाळ्यात तिथे उतरायचा आणि २२२ क्रमांकाची खोली मागून घ्यायचा, कारण ती खालच्या बारच्या बरोबर वर होती. पियानोचा आवाज जमिनीतून वर यायचा आणि सॅकेटांची पानं त्या ठेक्यावर लिहिली जायची.

१२. मूलनिवासींना तो खलनायक करतो का? समीक्षक त्याला मानतात का?

हे दोन प्रश्न नेहमी जोडीने येतात.

त्याचा पणजोबांच्या पिढीचा एक पूर्वज १८६३ मध्ये स्यू लोकांशी लढताना मारला गेला होता. ती गोष्ट ऐकत तो वाढला, तरी त्याच्या लेखनात सूड नाही. 'होंडो'चा नायक अपाचींमध्ये राहिलेला आहे आणि अपाची प्रमुखाचा शब्द तिथे गोऱ्यांच्या शब्दापेक्षा पक्का ठरतो. 'लास्ट ऑफ द ब्रीड'चा (१९८६) नायक स्यू रक्ताचा वैमानिक आहे. सोव्हिएत कैदेतून निसटून तो सायबेरिया पायी ओलांडायला निघतो, पूर्वजांच्या विद्येच्या जोरावर. असं असूनही एक उणीव मला खुपते. जमीन कुणाची होती हा प्रश्न त्याची पात्रं विचारतात आणि पुढे निघून जातात. घर बांधणाऱ्याचा हक्क त्याला आपोआप पटलेला आहे. ज्याचं घर गेलं त्याच्या बाजूने अख्खी कादंबरी उभी राहत नाही.

समीक्षकांचं म्हणाल तर आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांचं झालं तसंच. हजारावर रहस्यकथा लिहिल्या, लोकांनी वाचून फाडल्या आणि वाङ्मयाच्या चर्चेत नाव येईना. लामूरच्या बाबतीत तक्रारी खोट्याही नाहीत. नायक एकसारखे, शेवट आधी कळणारा, उपदेश जास्त. पण १९८० मध्ये 'बेंडिगो शाफ्टर'ला वेस्टर्न गटातलं राष्ट्रीय ग्रंथ पारितोषिक मिळालं. १९८३ मध्ये अमेरिकी काँग्रेसचं सुवर्णपदक मिळालं, जे मिळवणारा तो पहिला कादंबरीकार, आणि पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्याकडून स्वातंत्र्यपदक.

१३. 'टेक्स बर्न्स' म्हणजे लामूरच का? मग तो नाकारत का होता?

होय. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने या नावाने हॉपलाँग कॅसिडीच्या चार कादंबऱ्या लिहून दिल्या. हे पात्र मुळात क्लॅरेन्स मल्फर्डचं, रांगडं आणि शिवराळ. पडद्यावर ते तोवर काळ्या पोशाखातलं सभ्य, गोंडस झालं होतं. लामूरला मूळचा रांगडा हवा होता, प्रकाशकाला पडद्यावरचा. बदल करून घेतले गेले ते त्याच्या मनाविरुद्ध. त्याने ती पुस्तकं आपली म्हणायचं आयुष्यभर टाळलं. मृत्यूनंतर मुलाने ती लामूरच्या नावाने आणली.

१४. 'द क्विक अँड द डेड' सिनेमा त्याच्याच पुस्तकावरचा ना?

१९८७ चा, सॅम एलियटचा, हो. १९९५ चा शेरॉन स्टोनचा नाही, फक्त नाव सारखं. उलट 'हाउ द वेस्ट वॉज वन'मध्ये सिनेमाची पटकथा आधीची आणि लामूरची कादंबरी तिच्यावरून लिहिलेली. शॉन कॉनरी आणि ब्रिजित बार्दोचा 'शालाको' (१९६८) मात्र त्याच्याच कादंबरीवरचा.

१५. त्याच्या लेखनात भारत येतो का?

येता येता राहिला. 'द वॉकिंग ड्रम' (१९८४) ही बाराव्या शतकातली कादंबरी. फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांताचा केरबुशार नावाचा तरुण वडिलांच्या शोधात कॉर्डोबा, रशियातली गवताळ मैदानं, कॉन्स्टँटिनोपल असं करत इराणमधल्या आलमूतच्या किल्ल्यापर्यंत पोहोचतो. वाटेत त्याला सुंदरी नावाची हिंदू राजकन्या भेटते आणि पुढचा भाग हिंदुस्थानात घडणार होता. तो लिहून झाला नाही. या माणसाने त्या काळचं हिंदुस्थान वाचून वाचून कसं उभं केलं असतं, याची हळहळ मला प्रत्येक वाचनात वाटते.

१६. मृत्यूनंतरही नवी पुस्तकं कशी येतात? आणि एकाच कथासंग्रहाच्या दोन वेगळ्या आवृत्त्या का दिसतात?

पहिल्याचं उत्तर: मागे राहिलेली हस्तलिखितं, अर्धवट मसुदे, टिपणं. मुलगा बो हे काम सांभाळतो. 'लॉस्ट ट्रेझर्स' या नावाखाली अपुरी लेखनं टिपणांसह आली आहेत. 'नो ट्रॅव्हलर रिटर्न्स' (२०१८) ही खलाशांवरची, तरुणपणी सुरू केलेली कादंबरी बोने पुरी केली. मुखपृष्ठावर दोघांची नावं आहेत का ते पाहा, म्हणजे काय हाती घेतलंय ते कळेल.

दुसरं जरा कायद्याचं. अमेरिकेत जुन्या नियमाप्रमाणे स्वामित्वहक्क २८ वर्षांचा असे आणि तो मुदतीत वाढवून घ्यावा लागे. मासिकांतल्या काही कथांचा तो वाढवला गेला नाही. १९८३ मध्ये एका वेगळ्या प्रकाशनाने त्या गोळा करून छापल्या. लामूरने लगेच बॅन्टमकडून त्याच कथांच्या स्वतःच्या अधिकृत आवृत्त्या काढल्या, प्रस्तावना आणि टिपांसह. जुन्या पुस्तकांच्या दुकानात दोन्ही मिळाल्या तर बॅन्टमची घ्या, त्या टिपा वाचण्यासारख्या आहेत.

१७. मला त्याची एखादी कादंबरी मराठीत आणायची आहे. परवानगी लागेल का?

लागेल. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं मोजतात, म्हणजे लामूरच्या बाबतीत २०४८ अखेरपर्यंत. भाषांतराचा हक्क वेगळा मागावा लागतो, तोही काम सुरू करण्याआधी. प्रश्न १६ मधल्या हक्क न वाढवलेल्या कथांचा विचार करत असाल तर कथागणिक तपासून घ्या. एकाच संग्रहात मोकळ्या आणि बंद अशा दोन्ही असू शकतात.

आणि भाषेसाठी आधी जी. ए. कुलकर्णींनी केलेली कॉनराड रिक्टरची भाषांतरं वाचा: 'रान', 'शिवार', 'गाव'. ओहायो ही पश्चिमेची कड होती त्या काळातलं, जंगल तोडून वसलेलं घराणं त्यांत आहे. झाड, कुऱ्हाड, चूल, अंधार यांना जीएंनी कुठले मराठी शब्द दिले ते पेन्सिल घेऊन पाहा. गुराखी, खोगीर, लगाम, टाच, पाणवठा, माग, हे शब्द आपल्याकडे आधीच आहेत. अडेल ते मोकळ्या मैदानांच्या आणि खडकांच्या नावांपाशी. तिथे मूळ नाव देवनागरीत ठेवा आणि पहिल्यांदा येईल तेव्हा वाक्यातच ते कसं दिसतं ते सांगा.